पॉइंट सदतीस

"सर, हा पॉइंट सदतीस कुठून आला?" नव्या इंजिनिअर मुलीने पडद्यावर बोट ठेवलं.

त्याने चष्मा कपाळावर सारला. तीस वर्षं तो हेच काम करत होता. यान आज इथून निघणार, दोनशे दहा दिवसांनी तिथे पोचणार; दोन्ही ठिकाणं ठरलेली, मधली वाट शोधायची. तिला सरळ सूत्र नाही. आपण एक अंदाज द्यायचा आणि संगणकाने तो फेरीफेरीने सुधारत न्यायचा, यान नेमकं पोचेपर्यंत.

"अंदाज आहे तो."

"ते कळलं. पण कशावरून?"

"आमच्या हिला विचारलं होतं. फोन केला, म्हटलं, शून्य आणि एकच्या मधला एखादा आकडा सांग. म्हणाली, सदतीस. म्हटलं, अगं, एकच्या आतला! तर म्हणे, मग आधी पॉइंट लावा आणि फोन ठेवा, दूध उतू जातंय."

मुलगी खळखळून हसली आणि एकदम गप्प झाली. चार महिन्यांपूर्वी सगळ्या विभागाबरोबर तीही त्याच्या घरी सांत्वनाला गेली होती.

"चूक नाहीये त्यात, सर," ती हळू आवाजात म्हणाली. "फक्त अकरा फेऱ्या लागतात. म्हणजे अकरा मिनिटं. नवी पद्धत पहिला अंदाज स्वतःच काढते, तीन फेऱ्यांत काम होतं. यानावर या हिशोबाला आपल्याला बारा मिनिटं मिळतात. अकरा बसतात तशा. ठेवायचा असेल तर ठेवू या. मी कुणाला बोलणार नाही."

"आणि तेराव्या फेरीपर्यंत गेलं तर?"

ती पुन्हा पडद्यावरचे आकडे पाहू लागली.

"सरक जरा. मी काढतो."

त्याने ती ओळ दोनदा वाचली. मग खोडली. मुलीची नवी ओळ तिथे बसवली, चाचणीची कळ दाबली आणि सवयीने उठून कोपऱ्यातल्या टेबलाकडे गेला. चाचणी लावली की तो चहा करून निवांत पीत बसायचा. कप संपायचा आणि वर थोडा वेळ उरायचा. त्याने किटलीत पाणी भरलं, बटण दाबलं, कप विसळला, पुसला. चहापत्तीचा डबा घट्ट बसला होता, तो उघडायला थोडी झटापट झाली.

"सर, आलं उत्तर!" मुलगी मागून ओरडली. "नवव्या दशांशापर्यंत अगदी तेच!"

"छान झालं," तो म्हणाला.

पाणी अजून उकळायचं होतं.