फुकटातले डोळे

घाटावर शर्वरी वडिलांकडून इंग्रजी शब्द घोकून घेत होती. त्यांना फुकट बसवून मिळालेल्या कृत्रिम डोळ्यांत जाहिराती यायच्या आणि त्या डोळ्यांना मराठी कळत नसे.

"जाहिरात टाळायला?"

"स्किप," त्र्यंबकराव थकून म्हणाले.

बायकोचा पिंड ठेवून तास उलटला, तरी कावळा शिवत नव्हता. अखेर एक कावळा खाली उतरला आणि त्यांच्या डोळ्यांपुढे सुवासिक तांदळाची जाहिरात पसरली. घोकलेलं सगळं ऐन वेळी विसरलं.

"सरक बाजूला," ते पुटपुटले.

'स्किप' आठवलं तेव्हा पिंड तसाच होता, कावळा उडाला होता.

"शिवला का गं?"

"शिवला, बाबा."

त्यांनी मान डोलावली. तिचेही डोळे फुकटातलेच होते.