जोडीचे घोडे

आमच्या रँचवर, म्हणजे घोड्यांच्या मळ्यावर, सुट्टीला आलेल्या पाहुण्यांनी एकदा पैसे भरले की जेवण, शेकोटी, घोडा, सगळं आलं. कुणाला कोणता घोडा, ते मात्र मी ठरवते. सोमवारी सकाळी मी खोगिरं चढवत असताना पाहुण्यांमधली नऊ वर्षांची टेगन तबेल्यात आली. “शनिवारी घरी गेलो की बाबा दुसरीकडे राहायला जाणार. आईबाबांना भांडकुदळ घोडे नको हं देऊस.” “आमचे घोडे भांडत नाहीत बाई, नुसत्या लाथा मारतात,” मी म्हटलं. ती हसली नाही. मी डस्टी आणि जुनिपरकडे बोट दाखवलं. ही जोडी एकमेकांना सोडून पाऊलभरही चालत नाही. तिचा चेहरा उतरला. “पण यांच्यावर आधीच खोगिरं आहेत. कुणाला दिलेत?” “तुझ्या आईबाबांना.” तिची आई पहाटेच येऊन जोडीचे घोडे मागून गेली होती. जाताना बजावलं होतं, “मी मागितलेत हे टेगनला सांगू नकोस, पोर उगाच आशा लावून बसेल.”