गाव कुठचं?

"गाव कुठचं, बाई?" रिपोर्ट उघडणाऱ्या डॉक्टरबाईंना हौसाने सवयीने विचारलं. "राहते रत्नागिरीत, पण गाव मंडणगड." गेल्या वर्षी हौसाच्या आतड्याचा कॅन्सर काढला होता; आता छातीत गाठ आली होती. शेजारीण स्तनाच्या कॅन्सरमधून बरी होऊन यंदा भात लावत होती. म्हणून 'ही गाठ स्तनाचीच, नवीच निघू दे,' असं म्हणत हौसा देवीला नारळ बोलली होती. काय मागितलं ते ठाऊक नसलेला नवरा नारळाची पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. "मावशी, क्वचितच होतं, पण तुमच्यात झालंय," रिपोर्ट वाचून डॉक्टरबाई म्हणाल्या. "गाठ राहते छातीत, पण तिचं गाव आतडंच." "नवीन काही नाही ना? मग चल, नारळ फोडू," नवरा उठला. हौसाने त्याला हात धरून बसवलं. "बाई, गाव सोडलंन म्हणायचं तिनं. आणखी कुठं कुठं बिऱ्हाड केलंन असेल?"