मेणाचे बोळे

खुर्ची पुन्हा थरथरली आणि सरसाची वाटी कलंडली. जादूगाराचा संयम संपला. आज हिचा निकाल लावायचाच.

त्या शहरात वस्तूंना बोलायची खोड होती. माणूस काही मनापासून बोलला, की ते त्याच्या हाताखालच्या वस्तूत मुरायचं. मग दिवसभर वस्तू थरथरत तेच घोकत बसायची आणि दिवस मावळला की झोपायची. एका न्यायाधीशाच्या टोपीने तर भर कोर्टात प्रेमाची कबुली दिली होती. अशा वस्तू गप्प करायचं दुकान मूळचं जादूगाराच्या वडिलांचं. निळ्या दोऱ्याच्या तीन गाठी मारल्या की वस्तू कायमची मुकी.

गाठ मारण्याआधी वस्तूचं म्हणणं एकदा पूर्ण ऐकून घ्यायचं, हा वडिलांचा नेम. मुलाने तो पहिल्याच दिवशी गुंडाळून ठेवला. लोकांच्या घरातली भांडणं आपण कशाला ऐकायची? दुकान उघडण्याआधी तो कानांत मेणाचे बोळे घालायचा, ते दिवस मावळल्यावरच काढायचा. गिऱ्हाईक काय म्हणतंय ते ओठांवरून कळायचंच.

खरं तर त्याला व्हायचं होतं उडत्या होडीवरचा नावाडी. घंटाघराच्या गच्चीवरून वर्षातून एकदा होडी सुटायची, आणि कप्तान दरवर्षी त्याला बोलवायचा. पण दुकान बंद पडू देणार नाही, असा त्याने वडिलांना शब्द दिला होता. त्यांच्यामागे अकरा वर्षं तो कप्तानाला नाही म्हणत आला आणि गिऱ्हाइकांवर खेकसत आला. चाळिशीनंतर नवा नावाडी घेत नाहीत. परवाच त्याला चाळीस पूर्ण झाली होती.

आजारपणाचा शेवटचा महिना वडिलांनी याच खुर्चीत काढला होता. तो त्यांच्याकडे पाठ करून गाठी मारत असायचा. ते गेल्यापासून खुर्ची खडखडत होती. त्यांची आठवण म्हणून त्याने तिला हात लावला नव्हता. पण आजचा सरस सांडला तो समोरच्या बेकरीवाल्या काकूंच्या घड्याळावर, आणि काकू समोरच बसलेल्या.

त्याने दोरा घेतला. पहिली गाठ. दुसरी. काकूंनी हात वर केलेला त्याला दिसला. घड्याळाची घाई असेल, असं त्याला वाटलं. त्याने तिसरी गाठ आवळली. खुर्ची थांबली.

मान वर केली तर काकूंचा चेहरा पांढराफटक. त्याने बोळे काढले आणि काय झालं म्हणून विचारलं.

“बापाला गप्प केलंस?” काकू म्हणाल्या. “तुझंही बरोबर आहे म्हणा. रोज ऐकून आमचाच जीव तुटायचा. सगळी गल्ली म्हणते, एवढं ऐकूनही पोरगा दुकान सोडत नाही, केवढी माया.”

त्याने खुर्चीला हात लावला, तर ती नुसतं लाकूड.

“काय म्हणायची ती?”

काकूंची नजर त्याच्या तळहातावरच्या बोळ्यांवर गेली.

“हेच की, ‘पोरा, इकडे बघ जरा. तुझ्या शब्दातून मी तुला मोकळं केलंय. कुलूप लाव आणि होडी गाठ.’”