पाच शब्द

"बंद म्हणजे काय? नळ आहे का तो, चावी फिरवली की बंद?" मास्तरांनी टेबलावर इतक्या जोरात हात आपटला की पेनांचा डबा आडवा झाला. शेजारच्या खुर्चीतली त्यांची बायको दचकली आणि पर्स पोटाशी धरून बसली.

डॉक्टर त्यांच्या मुलीच्या वयाची. तिने पेनं गोळा केली. "कंपनीनेच चाचणी गुंडाळली, काका. विसरण्याच्या आजारावर हे नवं औषध चालत नाही, असं ठरलं."

"चालत नाही? दीड वर्षात आठवणीच्या परीक्षेत हिचा एक मार्क कमी झाला नाही! तुमच्याच कागदावर आहे ते. माणूस जरा सावरला की औषध काढून घेता? लाज नाही वाटत?"

"काकूंना औषध मिळतच नव्हतं. निम्म्या लोकांच्या कॅप्सूलमध्ये नुसती साखरेची पूड होती. कोणाला काय, ते मलाही आजच कळलं. सही घेताना सांगितलं होतं तुम्हाला."

"पूड?" मास्तर उभेच राहिले. "दीड वर्ष पूड चारलीत हिला? फसवलंत आम्हाला!"

"ओरडू नका!" आता तिचाही आवाज चढला. "आठ वर्षं घातलीत मी या औषधात. मोजके चाळीस पेशंट. औषधवाल्यांची आठवण टिकत होती हो! पण पूडवाल्यांत काकूंचे मार्क इतके वर, की सगळ्या पूडवाल्यांची सरासरीच चढली. फरकच उरला नाही. पुडीने कुणाची आठवण टिकते का? तुम्हीच सांगा!"

मास्तर खाली बसले. उभ्या आयुष्यात त्यांनी वर्गातलं एकही पोर नापास होऊ दिलं नव्हतं. पहिल्या तपासणीनंतर बायको रडत बाहेर आली, तेव्हाच त्यांनी कंबर कसली होती. तपासणीत लक्षात ठेवायला सांगायच्या शब्दांच्या याद्या तीनच, आलटून-पालटून यायच्या. दाराला कान लावून त्यांनी त्या उतरवून घेतल्या. मग रोज सकाळी चहाच्या आधी उजळणी. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. घरचा पत्ता गेला, मुलीचं नाव गेलं, याद्या मात्र पक्क्या झाल्या.

राग अजून तसाच उसळत होता, पण आता तो काढायला समोर कोणी उरलं नव्हतं. त्यांनी पुन्हा टेबलावर मूठ आपटली.

बायको घाईघाईने उठली. हाताची घडी घालून ताठ उभी राहिली.

"रागावू नका ना, सर. येतंय मला," ती नवऱ्याला म्हणाली. "चमचा, घोडा, खिडकी, लिंबू, पूल."

डॉक्टर तिच्याकडे बघतच राहिली. शब्द तिच्याच यादीतले, पण आज तिने काहीच विचारलं नव्हतं.

मास्तरांनी चूक काढली नाही, हे पाहून बायकोला धीर आला.

"दुसरी यादी म्हणू?"