गाडीतला उंदीर

ललितच्या दारात उभ्या गाडीची बॅटरी दर आठवड्याला मान टाकायची. गाड्यांचं वायरिंग करणाऱ्या नवनाथने मीटर लावला, एकेक फ्यूज उपटून पाहिला. करंट कुठेच लीक होत नव्हता. मग त्याचं लक्ष आत गेलं. सीट आडवी, रेडिओच्या आवाजाचं बटण फुल्लवर, पायाशी शेंगांची टरफलं.

मागे ललितचे वडील फकिराआबा हात जोडून उभे. “पोराला सांगू नको रे. तुझ्या काकूच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की दुपारी इथं येऊन पडतो. गाणी ऐकतो.”

नवनाथला दया आली. त्याने अंबडला कंपनीत असलेल्या ललितला फोनवर ठोकून दिलं, “उंदीर शिरला होता. वायर खाल्ली त्यानं.”

आबा बोळकं पसरून हसले आणि घरात सटकले. तेवढ्यात शकुकाकू चहा घेऊन आल्या.

“माझं नाव घेतलं नाहीस, बरं केलंस.”

“तुमचं? काकू, गाडीत तर आबा बसतात!”

“ते दुपारी. सकाळी त्यांची कटकट सुरू झाली की मी बसते. नाहीतर शेंगा काय, त्या बोळक्यानं खाल्ल्या?”