चालू ठेवा

"आपण डायल केलेला क्रमांक अस्तित्वात नाही," फोनमधली रेकॉर्ड केलेली बाई खणखणीत आवाजात म्हणाली. आणि तिला जराही न जुमानता आईंनी सुरुवात केली.

"हं, जेवलास का?"

खिडकीजवळच्या टेबलावरच्या मुलीने हेडफोन कानांवर घट्ट दाबले आणि ओठ न हलवता उत्तर दिलं, "जेवले."

या आई तिच्या नव्हत्या. शेजारच्या टेबलावर बसणाऱ्याच्या होत्या. सरकार कुणाकुणाचे फोन चोरून ऐकतं, ते सगळं त्याने याच ऑफिसातून उचललं, वर्तमानपत्रांना देऊन टाकलं आणि गायब झाला. त्याच्या खुर्चीवर आता सगळे छत्र्या आणि डबे ठेवत. बसत कुणीच नसे. आईंचा फोन ऐकायचं काम मात्र या मुलीच्या वाट्याला आलं होतं. दिवेलागण झाली की आई मुलाचा बंद नंबर फिरवायच्या. रेकॉर्डवाली बाई तेच ते घोकत राहायची आणि लाइन तुटेपर्यंत आई तिच्यावर ताण करून दिवसभराचं सगळं सांगून टाकायच्या. दुधाला वास आला. वरच्या मजल्यावरची माणसं बघून न बघितल्यासारखं करतात. गुडघा ठणकतोय. कुणी चोरून ऐकत असेल तर ऐको बापडा, त्यालाही कळू दे गुडघा म्हणजे काय ते.

हे ऐकून पहिल्यांदा मुलीला इतकं हसू आलं होतं की खोकल्याचं नाटक करावं लागलं.

"काय हो बाई," साहेब मध्यंतरी एकदा म्हणाले होते, "म्हातारी नुसती गुडघ्यावर बोलते आणि तुम्ही दर आठवड्याला 'चालू ठेवा' लिहिता. यात संशयास्पद काय आहे?"

"साहेब, गुडघा हा सांकेतिक शब्द असू शकतो."

साहेबांनी हनुवटी खाजवली होती. "हं. मलाही तेच वाटत होतं."

पण आज साहेब गुडघ्याला कंटाळले होते. ते येऊन तिच्या खुर्चीमागेच उभे राहिले. "आजचा दिवस शेवटचा. काही हाती लागलं तर ठीक. नाहीतर बंद करा आणि पुसून टाका. जागा अडते."

"लागेल हो साहेब कधीतरी," समोरचे काका डब्याचं झाकण लावत म्हणाले. "नाहीतरी तो काही खोटं बोलला नव्हता."

"म्हणूनच तर गुन्हा आहे!" साहेब उसळले. "खोटं बोलला असता तर नुसता घरी बसवला असता. सापडू दे, जन्मभर बाहेरचं ऊन दिसणार नाही त्याला."

काकांनी झाकण उगाचच पुन्हा एकदा लावलं. मुलीला कुणी काही विचारलं नाही. तिला तसंही कुणी काही विचारत नसे. ती या शहरात राहायला आल्यापासून 'जेवलास का' एवढं एकच वाक्य रोज तिच्या कानावर पडत होतं, आणि तेही दुसऱ्याच्या नावचं.

"आज मी भाजीत मीठच विसरले," हेडफोनमध्ये आई सांगत होत्या. "तुझ्या मावशीचा पायगुण, दुसरं काय! आली, रडली, आणि रडता रडता बोलून गेली. तू तिच्या बंदराकडच्या बंद घरात आहेस म्हणे. अरे, त्या घराला किती ओल असते! स्वेटर तरी..."

आई थांबल्या. रेकॉर्डवाली बाई एकटीच बोलत राहिली.

"अगं बाई," आई अगदी हळू म्हणाल्या. "हे मी बोलायला नको होतं."

लाइन तुटली.

आजवर तिने इतक्या वेळा खोटं लिहिलं होतं, आणि आज, नेमकं आज, खरं लिहिण्यासारखं काहीतरी हाती आलं होतं. लिहिलं असतं तर साहेबांनी पेढा देऊन तिचं तोंड गोड केलं असतं. आईंचा फोन ऐकणंही चालू राहिलं असतं. रोज. 'जेवलास का'सकट.

"काय म्हणते म्हातारी?" साहेबांनी मागून विचारलं.

"भाजीत मीठ विसरली."

"आणि?"

"आणि काही नाही, साहेब."

"गुडघा?"

मुलीने मागे वळून पाहिलं नाही. "गुडघा म्हणजे गुडघाच होता, साहेब. माझीच चूक झाली."

पडद्यावर दोन चौकोन होते. आजवर ज्याला तिने कधी बोट लावलं नव्हतं, तो तिने दाबला. 'बंद करा.' आईंचे सगळे दिवस, नासलेलं दूध, वरचा मजला, ओल आलेलं घर, पापणी लवायच्या आत पुसले गेले. साहेब "चला, एक ब्याद गेली" म्हणत निघून गेले. काकांनी शेजारच्या खुर्चीवरची आपली छत्री उचलली, मुलीकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि तेही गेले.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला ती आपल्या खोलीत होती. या वेळी आई फोन लावत असतील. बोलतही असतील. फक्त आता ते कुणालाच ऐकू जाणार नव्हतं.

तिने ताट धुऊन पालथं घातलं. फोन हातात घेतला आणि स्वतःचाच नंबर फिरवला. एंगेज टोन वाजू लागला.

"जेवले," ती त्याला म्हणाली. "मीठ विसरले होते. पण जेवले."